वालचंद हिराचंद : देशी मोटारीचा ध्यास

कापड गिरण्या आणि चादरी यांसाठी नावाजलेल्या सोलापूर शहराने देशाला एक असा उद्योजक दिला, ज्याच्या कामाचा पसारा घाटातील बोगद्यांपासून समुद्रातील जहाजांपर्यंत आणि उसाच्या मळ्यांपासून विमानांच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव जहाजबांधणी आणि विमाननिर्मिती यांच्या संदर्भात नेहमी घेतले जाते. मोटार उद्योगातील त्यांची धडपड त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वास्तविक मोटार इथे केवळ जोडली जाऊ नये, तर तिचे इंजिनही इथेच घडावे, या आग्रहासाठी त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्या आग्रहाचे पूर्ण फळ पाहण्याआधीच ते काळाच्या पडद्याआड गेले.

पेढीकडून बोगद्यांकडे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातमधील, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन इथलेच झालेले. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार, त्याचबरोबर समाजसुधारकही होते. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि वाचनाचे वातावरणही होते. १८९९ मध्ये सोलापुरात मॅट्रिक झाल्यानंतर वालचंद उच्च शिक्षणासाठी मुंबईस गेले.

पुढे पेढीवर बसण्याची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांचे मन तिथे रमले नाही. व्याजबट्टा आणि कापसाची उलाढाल यांपेक्षा काहीतरी उभे राहताना पाहण्याची त्यांना ओढ होती. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि फाटक-वालचंद ही भागीदारी आकारास आली. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांचे काम हा या भागीदारीचा पहिला ठेका. सोलापूर जिल्ह्यातील त्या छोट्या कामातून मिळालेला विश्वास त्यांना पुढे फार दूरवर घेऊन गेला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे नळ, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी मोठी कामे त्यांच्या नावावर जमा झाली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

याच काळात त्यांनी समुद्रही आपलासा केला. १९१९ साली नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्या साथीने त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 'लॉयल्टी' हे तिचे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाले. हाच दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून या नवख्या कंपनीस नामोहरम करण्याचा प्रयत्न केला. १९२३ च्या करारामुळे सिंधियाला दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. परक्याच्या हाती यंत्र आणि नियम दोन्ही असले की स्वदेशी भांडवलाचे काय होते, याचा धडा वालचंद यांना इथे मिळाला. पुढील प्रत्येक उद्योगात तो धडा त्यांच्या मनात होता.

डेट्रॉइटची वाट

भारतात मोटारी जोडण्याचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच सुरू झाले होते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला होता. फोर्डही मागे नव्हती. परंतु या कारखान्यांत होणारे काम म्हणजे परदेशातून पेट्यांमध्ये आलेले सुटे भाग एकत्र जोडणे एवढेच. इंजिन, गिअरपेटी, कार्बोरेटर, विजेची उपकरणे या साऱ्यांचा आराखडा परदेशात ठरत असे आणि तिथेच ती घडत.

हे चित्र बदलावे असे वाटणाऱ्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे अग्रभागी होते. १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून त्यांनी भारतात मोटार कारखाना उभारण्याची योजना तयार केली. वालचंद यांनी ही योजना उचलून धरली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर तिला अनुकूल वातावरणही मिळाले. मात्र १९३९ च्या अखेरीस, महायुद्धाच्या प्रश्नावरून, काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि योजनेचा सरकारी आधार गेला.

वालचंद स्वतः अमेरिकेत गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्स या बड्या कंपन्यांशी झालेल्या बोलण्यांतून काही निष्पन्न झाले नाही. क्रायस्लर कंपनीने मात्र प्रतिसाद दिला आणि १९४० साली तिच्याशी करार झाला. या दौऱ्याचा एक अनपेक्षित लाभ असा, की परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी भेट झाली. त्या ओळखीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मास आली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तिला मोलाचे पाठबळ दिले. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती आधी विमान लागले.

मोटारीचे घोडे मात्र अडले ते अडलेच. युद्धकाळात लष्कराला मालमोटारींची प्रचंड गरज होती. तरीही भारतात मोटार बनविण्याच्या उद्योगास युद्धोपयोगी म्हणून मान्यता देण्यास दिल्लीतील सरकार राजी झाले नाही. म्हैसूरच्या सहभागाने कारखाना उभारण्याचा प्रयत्नही वरिष्ठ सत्तेच्या विरोधामुळे मागे पडला. सुट्या भागांच्या पेट्या येत होत्या, त्या जोडल्या जात होत्या आणि तेवढे पुरेसे आहे, अशी राज्यकर्त्यांची भूमिका होती.

परदेशी इंजिन आणि दख्खनचा उन्हाळा

जोडणी आणि निर्मिती यांत एवढा फरक कोणता, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडत असे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अर्थशास्त्राचे ग्रंथ उघडण्याची गरज नाही. त्या काळातील एखादी दमदार सहा सिलिंडरची मोटार मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर अर्धा तास उभी केली की पुरे.

सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होणारी आणि रस्त्यावर उत्तम पळणारी गाडी दुपारी थोडा वेळ थांबवली, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही, हा जुन्या मोटारींच्या मालकांना चांगला परिचित असलेला अनुभव. कारण इंजिनाच्या रचनेत आहे. इंजिन चालू असताना पंखा वारा घालतो, पाणी फिरते आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवते. इंजिन बंद होताच हे सारे थांबते. लोखंडी ठोकळ्यात साठलेली उष्णता वर चढते आणि बोनेटखालचे तापमान गाडी चालू असतानापेक्षाही अधिक होते. पेट्रोलमधील हलके अंश पाण्याच्या मानाने फारच कमी तापमानाला उकळू लागतात. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेरचा पाराच चाळिशी ओलांडतो, तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीत आणि पंपाच्या नळीत काय होत असेल, याची कल्पना यावी.

यातून दोन वेगवेगळे दोष संभवतात आणि दोहोंवरील इलाज परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात, मेकॅनिक ज्याला 'एसी पंप' म्हणतात त्या पेट्रोल पंपात किंवा नळीत वाफ धरते. वाफ दाबली जाते, पण पुढे सरकत नाही. कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात वाटीतील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि इंजिन 'ओव्हरफ्लो' होते. चालक घाईने ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा दाबतो, तेव्हा दर वेळी आणखी पेट्रोल आत फेकले जाते आणि रोग बळावतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे हवा आत जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. पंपाने वाफ धरली असेल, तर त्यावर ओले फडके टाकणे हा साधा आणि हमखास उपाय. पुढे मुंबईच्या टॅक्सीचालकांनी फियाट गाड्यांच्या पंपावर हाच इलाज वर्षानुवर्षे केला.

जाणता मिस्त्री दोष पेट्रोलचा मानण्यापूर्वी ठिणगी पाहतो. तापलेली कॉइल किंवा दमलेला कंडेन्सर थंडपणी ठीक वाटतो आणि उष्णतेत दगा देतो. म्हणून गाडी रुसलेली असतानाच प्लगची तार काढून ठिणगी जोमदार निळी आहे की क्षीण पिवळी, हे तपासावे लागते. गाडी थंड झाल्यावर केलेली तपासणी व्यर्थ. सेल्फच संथ फिरत असेल, तर बॅटरीच्या तारा आणि अर्थिंग पाहावे. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांची वीजव्यवस्था सहा व्होल्टची होती. तारेत किंचित गंज असला, तरी तापून जड झालेले इंजिन फिरविण्याइतका जोर उरत नसे.

आता यातील मुख्य मुद्दा असा. डॉज, प्लिमथ, डी-सोटो या क्रायस्लरच्या गाड्यांच्या सहा सिलिंडर इंजिनांत हवा-पेट्रोल आत नेणारा आणि जळका वायू बाहेर टाकणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असत आणि कार्बोरेटर त्यांच्या वर बसविलेला असे. एवढेच नव्हे, तर गरम वायू मुद्दाम वरच्या मॅनिफोल्डकडे वळविणारी एक झडपही त्यात होती. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात पेट्रोलची नीट वाफ व्हावी, म्हणून केलेली ही योजना होती. ज्या देशात नळाचे पाणी गोठते, तिथे ती वरदान. जिथे पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथे तोच शाप. ती झडप गंजून बंद अवस्थेत अडकली, की कार्बोरेटर अक्षरशः चुलीवर ठेवल्यासारखा होतो.

इलाज आहेत आणि ते अवघडही नाहीत. कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता रोखणारे जाड पॅकिंग बसविणे, मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी देणे, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे, गरम वायूची झडप मोकळी ठेवणे, वाटीतील फ्लोटची पातळी जुळविणे, रेडिएटरची जाळी साफ ठेवणे. परंतु हे सारे बदल इथे एकेका गॅरेजमध्ये, एकेका गाडीवर करावे लागत. मॅनिफोल्डचा साचा बदलावा, पंपाची जागा हलवावी, पंख्याची पाती वाढवावीत, असा निर्णय घेण्याचा अधिकार आणि साधने जोडणी करणाऱ्या कारखान्याकडे नसतात. ज्याच्याकडे ओतशाळा, लेथ आणि आराखडा असतो, तोच इंजिनाला आपल्या मातीची आणि उन्हाची सवय लावू शकतो. वालचंद ज्या निर्मितीचा आग्रह धरीत होते, तिचा व्यावहारिक अर्थ हा होता.

कुर्ल्याचा कारखाना

युद्ध संपत आले असता, १९४४ साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडची स्थापना झाली. मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डी-सोटो या मोटारी आणि फार्गोच्या मालमोटारी ही त्याची सुरुवातीची उत्पादने. प्रारंभी कुर्ल्यातही जोडणीच होत असे, हे मान्य केले पाहिजे. फरक उद्दिष्टात होता. परदेशी कंपन्यांच्या दृष्टीने जोडणी हा मुक्काम होता. प्रीमियरच्या दृष्टीने ती पहिली पायरी होती. बाहेरून येणारा एकेक भाग कमी करून तो इथे घडवायचा, असा तिचा क्रम ठरलेला होता.

याच सुमारास वालचंद यांची दुसरी स्वप्नेही मूर्त रूप घेत होती. विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९४१ साली पायाभरणी झालेल्या जहाजबांधणी कारखान्यातून 'जलउषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. बंगळुरूचा विमान कारखाना मात्र १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला होता. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे माळरानावर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. वालचंदनगरने तर पुढे अवजड यंत्रसामग्री बनविण्यात नाव कमावले.

इतक्या आघाड्या एकाच वेळी सांभाळणाऱ्या या माणसावर टीकाही कमी झाली नाही. पुरेसे भांडवल हाती नसताना ते मोठ्या योजनांत उडी घेतात, सरकारी मदतीवर फार विसंबतात, असे आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतले गेले. त्यांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. विमान आणि जहाज या दोन्ही उद्योगांत अखेरीस सरकारलाच पुढे यावे लागले. परंतु जे उद्योग देशात असावेत हेच तत्कालीन सत्तेला मान्य नव्हते, त्यांची पहिली वीट कोणीतरी रचणे आवश्यक होते. ते धाडस वालचंद यांनी केले.

अपुरे राहिलेले आणि पूर्ण झालेले

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामकाजातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगांची धुरा बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांच्याकडे आली.

ज्या निर्णयासाठी वालचंद झगडले, तो त्याच वर्षी झाला, ही दैवगती म्हणावी लागेल. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, निर्मितीचा निश्चित कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच देशात मोटारी बनविण्याची मुभा राहील, असे धोरण सरकारने स्वीकारले. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील कारखाने आवरते घेतले. प्रीमियर टिकली. इटलीच्या फियाटशी सहकार्य करून तिने १९५४ पासून 'अकराशे' हे मॉडेल हाती घेतले. याच गाडीची पुढची आवृत्ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळख बनली. तिच्या इंजिनाचे भाग इथेच घडत, गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये मिळत आणि तिचे दुखणे ओळखणारे हात प्रत्येक नाक्यावर असत. संरक्षित बाजारपेठेमुळे ती दशकानुदशके फारशी बदलली नाही, हा त्या धोरणाचा दोषही नोंदवायला हवा. निर्मितीचे स्वातंत्र्य मिळाले. सुधारणेची निकड मात्र स्पर्धेअभावी मंदावली. या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची टॅक्सीही निवृत्त झाली.

आजच्या मोटारींत पेट्रोल दाबाखाली, पंपाद्वारे टाकीतूनच येते आणि संगणक त्याचे माप ठरवितो; त्यामुळे तापलेली गाडी सुरू न होण्याचा त्रास नव्या पिढीला ठाऊकही नाही. जुन्या डॉज-प्लिमथ जतन करणारे हौशी लोक मात्र आजही कार्बोरेटरखाली जाड पॅकिंग घालतात आणि ती झडप मोकळी करून घेतात.

वालचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली देण्यात आले. सोलापुरात १९८३ मध्ये सुरू झालेली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्थाही त्यांच्या नावाने चालते. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ही सारी स्मारके योग्यच आहेत. परंतु परक्या हवेसाठी घडलेले यंत्र जसेच्या तसे स्वीकारायचे नाही, ते समजून घ्यायचे आणि आपल्या हवेसाठी नव्याने घडवायचे, ही दृष्टी सोलापूर-सांगलीच्या कार्यशाळांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत रुजली, तर ते या सोलापूरकराचे सर्वांत उचित स्मारक ठरेल.